बेताचा जोर

दसरा उलटून वेचणीचा कापूस गाड्यांवर चढू लागला, की तापी-पांझरेच्या खोऱ्यांतील जिनांचे पट्टे फिरू लागतात, आणि होळीच्या सुमारास आवक आटेपर्यंत त्यांची घरघर थांबत नाही. ज्याचे बालपण खानदेशात गेले, त्याच्या कानांत ही घरघर एखाद्या ऋतूसारखी वसलेली असते. या धंद्याचे वर्णन करणाऱ्यांनी आजवर जी मोजदाद केली, ती बहुतेक बळाची : इंजिन किती अश्वशक्तीचे, यंत्रे किती, दिवसाकाठी गाठी किती. परंतु ज्या एका गुणावाचून हे सारे बळ कापसाची नासाडी आणि माणसाच्या हाताचा चेंदा करण्यापलीकडे काहीच साधू शकले नसते, तो बळ आवरण्याचा गुण कोणाच्या हिशेबात आला नाही. पुण्याजवळ चाकणला मोटरसायकलींचे भाग जोडणारे यांत्रिक हात आज ज्या विद्येच्या आधाराने चालतात, ती विद्या नेमकी याच गुणाची आहे. ती धुळ्याहून चाकणला गेली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र ज्या प्रश्नाने त्या विद्येला जन्म दिला, तो प्रश्न खानदेशातील जिनांत शंभर-सव्वाशे वर्षे रोज सोडवला जात होता, आणि तो सोडवणाऱ्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, एवढे मला सांगावयाचे आहे.

कापसाची रुई सरकीला नुसती चिकटलेली नसते. तिचा एकेक तंतू सरकीच्या टरफलातून केसासारखा उगवलेला असतो. म्हणून रुई वेगळी करणे म्हणजे हे तंतू मुळाशी तोडून ओढून काढणे, आणि ओढ कमी पडली तर रुई सरकीवरच राहते, अधिक झाली तर सरकी फुटून तिचे तेल आणि टरफलाचे कण रुईत मिसळतात व पुढे सूत डागाळते. या अरुंद वाटेने जाण्याची युक्ती आपल्याकडे फार पुरातन काळी साधलेली होती. आमच्या खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एकाच लाटण्याने सरकी काढण्याची क्रिया रेखाटलेली आहे, अशी ओळख जर्मन पंडित डीटर श्लिंगलॉफ यांनी १९७४ साली मांडली. पुढे दोन लाटांची हातचरकी आली. एका हाताने दांडा फिरवावा, दुसऱ्या हाताने कापूस लाटांच्या फटीत सरकवावा, रुई पलीकडे जावी आणि सरकी अलीकडे गळून पडावी, अशी तिची साधी रचना. परंतु या साधेपणात एक मोठे मर्म होते. जोर लावणारी आणि त्या जोराची जाणीव ठेवणारी व्यक्ती तेथे एकच असे. सरकी फटीत अडकली, की दांडा जड झाल्याचे चरकी फिरवणाऱ्या बाईच्या मनगटाला कळे आणि काय झाले हे डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच तिचा हात थांबे.

वाफेने ही जोडी फोडली.

१८१८ साली खानदेशचा मुलूख इंग्रजांच्या अंमलाखाली आला, आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, तेव्हा या भागाची दैना झालेली होती. गावे ओस पडलेली, रस्ते भिल्लांच्या उठावांनी अडलेले, आणि कापसाचा व्यापार बैलांच्या पाठीवर होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात भाव चढले, त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव-भुसावळापर्यंत येऊन पोहोचला. या दोन गोष्टींनी जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. भाव चढले तशी भेसळही चढली; रुईत सरकी, माती आणि पाणी घालून वजन वाढवण्याचा प्रकार इतका माजला, की सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करून निरीक्षक नेमावे लागले. धुळ्याला आगगाडी यायला मात्र १९०० साल उजाडले. चाळीसगावहून निघालेला तो फाटा अजूनही आमच्या शहराशी येऊन संपतो. १९०६ साली जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली तोवर दोन्ही भागांत जिन आणि प्रेस ही प्रत्येक मोठ्या पेठेची खूण होऊन बसली होती.

या जिनांत जे यंत्र आले, ते अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या रचनेचे. व्हिटनीच्या प्रसिद्ध करवती यंत्राहून हे निराळे, आणि आपल्या कापसाला अधिक मानवणारे. चामड्याच्या चकत्या एकीला एक दाबून केलेला खरबरीत रोलर फिरत राहतो. त्याला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. रोलर तंतू धरून सुरीखाली ओढतो, सरकी मात्र सुरीच्या धारेशी अडते, आणि दुसरी, वरखाली हलणारी सुरी तिला ठोसे देऊन सोडवते. सारे यंत्र एका गोष्टीवर अवलंबून आहे : ही स्थिर सुरी रोलरवर किती दाबलेली आहे. दाब कमी असला तर चामडे तंतू धरत नाही आणि कापूस नुसता घोळत राहतो. दाब वाढला तर चामडे तापते, जळकट वास येतो, रुईचा रंग उतरतो, सरकी चिरडते, आणि कोरड्या हंगामात एखादी ठिणगी सगळे जिन पेटवून देण्यास पुरेशी होते. पुन्हा हा दाब एकदा ठरवून भागत नाही. चामडे दिवसागणिक झिजते, सकाळचा दवाने ओलावलेला कापूस आणि दुपारचा कडक कापूस यांची वागणूक वेगळी, एका गावच्या मालाची सरकी टणक तर दुसऱ्याची पोचट.

पुष्कळ वर्षांपूर्वी धुळे तालुक्यातील एका जिनात मी एका म्हाताऱ्या फिटराला हे काम करताना पाहिले, आणि ते दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही. यंत्र चालू असतानाच तो जवळ गेला, पालथा हात रोलरपासून दोन बोटांच्या अंतरावर धरून क्षणभर थांबला, मग खाली वाकून गळलेल्या सरकीची मूठ भरली, त्यातल्या पाच-सहा सरक्या अंगठा आणि तर्जनीत फिरवून पाहिल्या, एक दाताखाली धरून फोडली, आणि सुरीच्या तरफेवरचे वजन चिमूटभर मागे सरकवले. आवाज पालटला, मला तो पालटल्याचे त्याने सांगितल्यावर कळले. मी कारण विचारले तेव्हा तो अहिराणीत म्हणाला, "दाब जास्ती व्हयना का सरकी फुटस, कमी व्हयना का रुई सुटत नही, भाऊ." इतकेच. त्या तरफेवर आकडे कोरलेले नव्हते, आणि असते तरी त्याने ते पाहिले नसते. वाफेने, पुढे तेलाच्या इंजिनाने आणि विजेने जोर यंत्राकडे नेला होता. परंतु जाणीव यंत्राकडे गेली नव्हती, ती या माणसाच्या पालथ्या हातात राहिली होती, आणि तो घरी गेला की जिनातून तीही घरी जात असे.

प्रेसची गोष्ट सोपी. ब्रामा याने १७९५ साली पाण्याच्या दाबाने चालणारे दाबयंत्र केले आणि बूर्दों याने १८४९ साली दाब दाखवणारा काटा केला. या दोहोंच्या जोरावर रुईची गासडी किती आवळायची हे काट्याकडे पाहून ठरवता येऊ लागले. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची. तिच्या निम्म्या, म्हणजे ३९२ पौंडांच्या, गाठी बांधण्याचा प्रघात पडला, आणि १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालण्याची सक्ती झाली. गाठ दाबताना जोर एकाच दिशेने लावायचा असतो, रुई सर्वत्र सारखाच प्रतिकार करते, आणि थोडा जोर अधिक झाला तरी काही बिघडत नाही. म्हणून एका काट्यावर काम भागले. जिनाला असा काटा कधीच पुरला नाही.

आणि जे यंत्र सरकीला ओळखत नव्हते, ते बोटांना तरी कसे ओळखणार? त्या काळी कापूस रोलरवर हाताने घालावा लागे आणि हे काम बहुतेक बायकांकडे असे. जाणिवेवाचून चाललेल्या जोराने माणसाचे काय केले, याची कैफियत सरकारी कागदांतच आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिने त्यातून सहज निसटली. पुढे मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे १८८५ च्या सुमारास खानदेशातील एका जिन-प्रेसच्या व्यवस्थापकानेच जी साक्ष दिली, ती वाचताना आजही मान खाली जाते : पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत काम, मोबदला तीन-चार आणे, हंगाम भरात असला की तीच माणसे, पुरुष आणि बायका, सलग आठ-आठ दिवस आणि रात्री यंत्रापुढे, थकून पडली की त्यांच्या जागी नवी, आणि अशा कामाने पुष्कळजण मरत. अठरा तास जागलेल्या बाईचा हात डुलकीत एक वीत पुढे गेला, तर त्या रोलरला कापूस आणि बोट यांतला भेद कळण्याचा काही मार्ग नव्हता. १८९१ च्या कायद्याने पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत हात पोहोचवला आणि बायकांसाठी दिवसाचे अकरा तास ठरवले. कायदा यंत्राभोवती कुंपण घालू शकला. यंत्राच्या अंगी स्पर्श आणणे त्याच्या आवाक्यातले नव्हते.

तो स्पर्श आणण्याचा खटाटोप फार दूर आणि फार वेगळ्या कारणाने सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ जाड भिंतीपलीकडून हाताळण्यासाठी रेमंड गर्ट्झ याने दूरचालित हात केले, आणि त्याला लवकरच उमगले, की भिंतीपलीकडचा पंजा किती जोराने धरतो आहे हे अलीकडच्या माणसाच्या हाताला परत जाणवले नाही तर नळी फुटते. म्हणून त्याने जोराची जाणीव उलट पोहोचवणारे हात बांधले. परंतु १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात जो पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला, जॉर्ज डेव्हॉलचे पेटंट आणि जोसेफ एंगेलबर्गरची धडाडी यांतून उभा राहिलेला युनिमेट, त्याला हा स्पर्श मुळीच नव्हता. साच्यातून निघालेले तप्त भाग उचलून ठेवायचे, नेमून दिलेल्या जागी जायचे आणि यायचे. वाटेत काही आले तर त्याला रेटायचे. त्याला ठिकाण ठाऊक होते, जोर ठाऊक नव्हता. आमच्या जिनाच्या रोलराचाच तो बलदंड भाऊ.

जोडणीच्या कामात हे अज्ञान चालत नाही. समजा, वीस मिलिमीटर व्यासाचा दांडा अशा भोकात बसवायचा आहे, जे त्याहून मिलिमीटरच्या दोन शतांश भागाइतकेच मोठे आहे. यांत्रिक हाताचे ठिकाण एक दशांश मिलिमीटरने चुकले, तरी दांडा भोकाच्या काठावर टेकतो, आणि ठिकाणापलीकडे काहीच न जाणणारा हात तो तसाच रेटत जातो. मग दांडा तिरका होऊन अडकतो, काठ खरवडतो, किंवा भाग मोडतो. माणूस हे कसे करतो? बेअरिंग बसवणारा कोणताही फिटर पहा : तो आधी नुसते टेकवतो, बोटे सैल ठेवतो, कोणत्या बाजूने अडते ते चाचपतो, किंचित डुलवतो, आणि वाट सापडली की मगच नेट लावतो. नट लावताना तो आधी उलटा फेरा देतो, आटा जागेवर पडल्याचा बारीकसा झटका बोटांना लागला की सुलटा फिरवतो, आणि म्हणून त्याचे आटे पिळत नाहीत. ही सारी विद्या त्याला कोणी सूत्रात सांगितलेली नसते.

ती सूत्रात आणण्याला विसाव्या शतकाची आठवी-नववी दशके खर्ची पडली. बॉस्टनजवळच्या ड्रेपर प्रयोगशाळेत डॅनियल व्हिटनी आणि त्याचे सहकारी यांनी दांडा भोकात कोणत्या परिस्थितीत अडकतो याचे गणित मांडले, आणि यांत्रिक मनगटात लवचीक आधारांची अशी रचना बसवली, की दांडा काठाला टेकताच तो आपोआप सरकून भोकाच्या मध्याशी येतो. कसलेही गणकयंत्र नको, केवळ लवण्याचा गुण योग्य जागी. जपानात यामानाशी विद्यापीठातील हिरोशी माकिनो यांनी १९७८ च्या सुमारास असा हात बांधला, जो आडव्या दिशेने लवतो आणि उभ्या दिशेने ताठ राहतो. 'स्कारा' या नावाने १९८१ पासून तो बाजारात आला, आणि आज हाती असणाऱ्या असंख्य विजेच्या वस्तू त्याच घराण्यातील हातांनी जोडलेल्या असतात. १९८१ सालीच रायबर्ट आणि क्रेग यांनी एक तत्त्व मांडले, जे पाटीवर पेन्सिलीने लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाला नकळत येते : पाटीच्या सपाटीवर पेन्सिल कोठे जायची ते ठरवायचे, आणि पाटीच्या आत तिने किती दाबायचे ते निराळे ठरवायचे, एका दिशेला ठिकाणाचा हिशेब, दुसऱ्या दिशेला जोराचा. १९८५ साली नेव्हिल होगन याने त्याही पुढे जाऊन म्हटले, की हाताला ठिकाण किंवा जोर यांपैकी एकच हुकूम देण्यापेक्षा त्याला एक स्वभाव द्यावा. कोणी इतके ढकलले तर त्याने इतके मागे यावे, जणू तो एखादी स्प्रिंग आहे. स्प्रिंगेचा हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापला होता. तीनशे वर्षांनी तो यंत्राच्या आज्ञावलीत उतरला.

यातली खरी अडचण कागदावर दिसत नाही. मनगटात बसवलेला संवेदक, म्हणजे धातूच्या ताणाबरोबर विद्युत्‌रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या, जोर मोजून आज्ञावलीला कळवतो, आणि आज्ञावली मोटरला आवरते. पण या निरोपाला क्षणाचा काही अंश लागतो. ताठ हात ताठ लोखंडावर आदळला, की निरोप पोहोचेपर्यंत जोर मर्यादेबाहेर गेलेला असतो, हात मागे उडतो, पुन्हा पुढे येतो, पुन्हा उडतो, आणि यंत्र दात वाजल्यासारखे खडखडत राहते. उपाय तोच, जो त्या म्हाताऱ्या फिटराला ठाऊक होता : जवळ जाताना सावकाश जावे आणि हात हलका ठेवावा.

या विद्येचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे चाकण. बजाज ऑटोने २०१० पासून तेथे डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीचे हलके यांत्रिक हात जोडणीच्या कामाला लावले आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर नेली. ही कंपनी ओडेन्से या शहरातील, आणि तिचा पहिला हात २००८ साली विकला गेलेला; म्हणजे आपल्याकडे हे यंत्र जन्मल्यानंतर दोन वर्षांत पोहोचले. टाटा समूहातील, पुण्याच्याच टाल या कंपनीने २०१६ साली 'ब्राबो' हा स्वदेशी यांत्रिक हात दाखवला. चाकणच्या हातांचे वैशिष्ट्य असे, की ते पिंजऱ्यात बंदिस्त नसतात. माणसाच्या शेजारी उभे राहून काम करतात. सांध्यांतील मोटरांना किती विद्युत्‌प्रवाह लागतो आहे यावरून आपल्याला कोणी अडवले आहे का याचा अंदाज ते घेतात, आणि अपेक्षेबाहेर अडथळा आला की थांबतात. हातचरकीच्या दांड्याने त्या बाईच्या मनगटाला जे सांगितले, तेच हे.

२०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने अशा यंत्रांसाठी शरीराच्या २९ जागांची एक यादी प्रसिद्ध केली, आणि प्रत्येक जागेवर यंत्राने जास्तीत जास्त किती जोर टाकावा हे वेदनेच्या प्रमाणावरून ठरवले. हात आणि बोटे यंत्रात दाबली गेली, तर त्यांच्यासाठी मर्यादा १४० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलो वजनाचा भार, चेहऱ्यासाठी ६५. मी हा तक्ता प्रथम पाहिला तेव्हा बराच वेळ त्या एका ओळीवरून माझी नजर हलली नाही. खानदेशच्या जिनांत रोलरपुढे बसलेल्या बायकांच्या बोटांसाठी कोणी हा आकडा विचारला नव्हता, आणि कोणी विचारला असता तरी तो पाळण्याची शक्ती त्या यंत्रात नव्हती. मानवाने यंत्राला दिलेल्या गुणांत मला हा सर्वांत उशिरा दिलेला आणि सर्वांत मोलाचा वाटतो. यांत्रिक हातांनी माणसांची कामे जातील ही भीती खोटी नाही, आणि ज्यांचे काम जाते त्यांची जबाबदारी घेतल्यावाचून या विद्येचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल; परंतु स्पर्श नसलेल्या यंत्रापेक्षा स्पर्श असलेले यंत्र बरे, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही.

उरते ते आपल्या घरचे काम. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून अडगळीत पडलेली दप्तरे जमवली आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही शहरात उभे आहे आणि सनदा, पत्रे, पोथ्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत. जिन-फिटरांचे दप्तर मात्र कागदावर कधी आलेच नाही. रोलरच्या उष्णतेवरून दाब ओळखणारी, सरकी दाताखाली धरून सुरीचे वजन ठरवणारी, आवाजावरून चामड्याची झीज सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत आणि जी आहेत ती सत्तरीपलीकडची आहेत. ज्या वाचकाच्या घरात, गल्लीत किंवा गावात असा एखादा वृद्ध असेल, त्याने पुढचा हंगाम सुरू होण्याआधी त्याच्याजवळ बसावे, त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहून घ्यावेत, गावाचे नाव आणि साल घालावे, आणि ती वही धुळ्याला आणून द्यावी.